शुद्धलेखन : २० पैकी ०

हे प्रकरण खानदेशातल्या एका तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातलं आहे. महाविद्यालयाचं, परीक्षकांचं, विद्यार्थिनीचं, कुणाचंच नाव इथे दिलेलं नाही. मी त्या वर्षी वाङ्मय मंडळाचा समन्वयक होतो, म्हणजे जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्याच टेबलावर चुकलं. इतर ठिकाणी मंडळ सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांच्या कामी येईल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पार्श्वभूमी

कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखा. निम्म्याहून जास्त मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येतात. साडेचारची गाडी चुकली की पुढची साडेसहाला, त्यामुळे दुपारी तीननंतर ठेवलेल्या कुठल्याही कार्यक्रमाला पुढच्या दोन रांगाच भरतात. वाङ्मय मंडळाचं वर्षाचं गणित ठरलेलं असतं. पावसाळ्यात उद्घाटन, मग भित्तिपत्रक, १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, आणि २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी पाहुणे, हार, बक्षिसं आणि जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. फोटो आधी, बाकीचं मागून. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला फोटो लागतो.

२०२५ च्या गौरव दिनाचा उत्साह जरा जास्त होता. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता आणि त्यानंतरचा हा पहिलाच गौरव दिन. प्राचार्य म्हणाले, या खेपेला निबंध नको, काहीतरी सर्जनशील घ्या. म्हणून कथालेखन स्पर्धा घ्यायचं ठरलं. ६ जानेवारीला फलकावर सूचना लावली. अटी चारच : कथा स्वतःची हवी, १५०० शब्दांच्या आत हवी, फुलस्केपच्या एकाच बाजूला स्वहस्ताक्षरात लिहिलेली हवी, आणि २५ जानेवारीपर्यंत विभागात पोचायला हवी. बक्षिसं १००१, ७०१ आणि ५०१ रुपयांची. कोणत्या भाषेत लिहायचं याबद्दल सूचनेत एक अक्षर नव्हतं. मराठी विभागाची स्पर्धा म्हटल्यावर मराठीतच, हे इतकं गृहीत होतं की लिहायचं कुणाला सुचलंच नाही.

आमच्या मुलांची भाषा मात्र दिवसातून तीनदा बदलते. हजेरीला ‘यस सर’, माझ्याशी बोलताना पुस्तकी मराठी, आणि वर्गाबाहेर पाय पडला की ‘कथा जास रे?’ (कुठे चाललास रे?). घरी अहिराणी, काहींच्या घरी लेवा गणबोली, सातपुड्याकडून येणाऱ्यांच्या घरी पावरी. अहिराणीला बोली म्हणायचं की स्वतंत्र भाषा, हा वाद जुना आहे. ब्रिटिश काळातल्या भाषाभ्यासक ग्रियर्सननं आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला, जिच्यात अहिराणी येते, भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं. जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजतात, आणि २०११ मध्ये ती बोलणारे साडेअठरा लाखांच्या वर भरले. आमच्याकडे वर्गात ती ‘बोली’ या घटकाखाली येते आणि पाच गुणांची टीप लिहून झाली की जाते.

राहिलं गुणपत्रक. ते मी तयार केलं, म्हणजे खरं तर केलंच नाही. संगणकावर जुन्या निबंध स्पर्धेची फाइल होती. तिच्यातलं ‘निबंध’ खोडून ‘कथा’ टाकलं आणि छापली. रकाने असे : आशय ३०, मांडणी २०, भाषाशैली २०, शुद्धलेखन २०, हस्ताक्षर १०. कथेला हस्ताक्षराचे दहा गुण कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. वर्षानुवर्षं तेच पत्रक वापरलं जात होतं आणि कुणी तक्रार केली नव्हती, एवढंच.

अडचण

२३ कथा आल्या. त्यातल्या चार मोबाइलवरून जशाच्या तशा उतरवलेल्या होत्या. एकीत तर कथेच्या मधोमध ‘अधिक वाचा’ हेही सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं. त्या बाजूला काढून १९ कथा परीक्षकांकडे पाठवल्या. परीक्षक म्हणजे तालुक्यातले निवृत्त मराठी शिक्षक, माणूस व्यासंगी, व्याकरणाला पक्के. त्यांनी २० फेब्रुवारीला गठ्ठा परत केला. मी बेरजा तपासल्या, वरच्या तीन कथा पाहिल्या आणि २४ तारखेला संध्याकाळी निकाल व्हॉट्सॲप गटावर टाकला. बाकीच्या सोळा कथा मी उघडल्यासुद्धा नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वितीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी विभागात आली. निकालाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिला फक्त कथा परत हवी होती, कारण तिच्याकडे दुसरी प्रत नव्हती. मी गठ्ठ्यातून तिची पाच पानं काढली. गुणपत्रक वर टाचलेलंच होतं. ते काढून द्यायचं माझ्या लक्षात आलं नाही.

कथा अहिराणीत होती, आणि पहिल्या पानावर लाल वर्तुळं होती. ‘शे’भोवती, म्हणजे ‘आहे’भोवती, वर्तुळ. ‘मन्ही’भोवती वर्तुळ. ‘आते’, ‘तठे’, ‘नही’, पुन्हा ‘शे’. पान गोवर आल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या पानापासून पुढे एकही वर्तुळ नाही. परीक्षकांनी बहुधा पेन खाली ठेवलं होतं. तिनं उभ्याउभ्या ती वर्तुळं पाहिली, वरचे आकडे पाहिले आणि म्हणाली, “सर, मी परत लिहू का? प्रमाण मराठीत?”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. मी म्हटलं, “बस दहा मिनिटं, मला वाचू दे.”

कथा एका मुलीनं सांगितलेली होती. आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते, किलोवर मजुरी मिळते, संध्याकाळी गाठोडं काट्याला लावतात. पहिलंच वाक्य : ‘मन्ही मायले आकडा समजतस नही, पन काटा समजस.’ माझ्या आईला आकडे कळत नाहीत, पण काटा कळतो. पुढे एका संध्याकाळी मुलगी पहिल्यांदा आईबरोबर जाते, काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचते, आणि आजवर वहीत लिहिला जाणारा आकडा वेगळाच होता हे सगळ्यांसमोर उघडं पडतं. शेतमालक काही बोलत नाही. आईच तिच्यावर चिडते, कारण उद्यापासून कामाला बोलावणं येणार नाही. कथा तिथेच थांबते. नायिकेचं भाषण नाही, तात्पर्य नाही. आमच्या १९ कथांमध्ये तात्पर्य नसलेली ही एकटीच होती.

गुण : आशय २७, मांडणी १७, भाषाशैली ८, शुद्धलेखन ०, हस्ताक्षर ८. एकूण ६०, क्रमांक अकरावा. पहिल्या आलेल्या कथेचे गुण ८३, आणि त्यात आशयाचे २२.

मी परीक्षकांना फोन लावला. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. “अहो सर, वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून तर आशयाला सगळ्यात जास्त तिलाच दिलेत. पण तुमच्या कागदावर शुद्धलेखनाचा रकाना आहे. त्यात मी काय भरू? ‘शे’ला शुद्ध कसं म्हणू?” मी नियमांचं काढलं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांतच पात्राच्या तोंडची वाक्यं उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा आहे, ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ ही उदाहरणं देऊन. ते हसले. “मुभा पात्राच्या तोंडच्या वाक्यांना. इथे अख्खं निवेदन अहिराणीत आहे.” मी म्हटलं, निवेदक मुलगी हीच पात्र आहे, सगळी कथा तिच्याच तोंडची आहे. थोडा वेळ फोनवर शांतता. मग ते म्हणाले, “हे पटण्यासारखं आहे. पण हे तुम्ही मला गठ्ठा देताना सांगायचं होतं.”

खरं होतं.

समोरचे पर्याय

हातात वेळ फार कमी होता. २५ तारीख, मंगळवार. २६ ला महाशिवरात्रीची सुट्टी. २७ ला सकाळी साडेदहाला कार्यक्रम, पाहुणे ठरलेले, पत्रिका छापलेल्या.

निकाल तसाच ठेवणं हा सर्वांत सोपा मार्ग. परीक्षकांचा निर्णय अंतिम, असं सगळीकडे म्हणतातच. पण आमच्या सूचनेत तेवढंही लिहिलेलं नव्हतं.

दुसरा विचार असा केला की शुद्धलेखन आणि हस्ताक्षर हे दोन रकाने सगळ्यांचेच काढून टाकावेत आणि ७० पैकी गुण धरावेत. मी कागदावर बेरीज करून पाहिली. पहिली कथा ५५, ही ५२. म्हणजे तरीही ती दुसरीच्या आसपास अडकत होती, कारण भाषाशैलीच्या रकान्यातही तिला २० पैकी ८ होते. तेव्हा कुठे मला कळलं की दोष एका रकान्याचा नव्हता. परीक्षकांनी शुद्धलेखनाचा दंड दोनदा वसूल केला होता, एकदा उघड आणि एकदा शैलीच्या नावाखाली. नुसता रकाना खोडून ते भरून निघणार नव्हतं.

तिसरा मार्ग दुसऱ्या परीक्षकाचा. शेजारच्या तालुक्यातले एक प्राध्यापक घरी अहिराणी बोलतात. फोटो पाठवा, रात्रीत वाचतो, असं ते म्हणाले. पण मग एकच कथा दुसऱ्याकडे पाठवायची का? पाठवायच्या तर १९ पाठवायला हव्यात. आणि दुसऱ्यांचा निकाल वेगळा आला तर पहिल्या परीक्षकांना काय तोंड दाखवायचं?

यात एक चौथं माणूस होतं, ज्याचा विचार मी दुपारपर्यंत केलाच नव्हता. पहिली आलेली मुलगी. वाणिज्य शाखेची, आजीच्या म्हातारपणावर नीटस कथा लिहिलेली. तिच्या वडिलांनी निकालाचा फोटो आदल्या रात्रीच नातेवाइकांच्या गटावर टाकला होता, हे तीच मला कौतुकानं सांगून गेली होती. तिनं आमचे नियम पाळले होते. नियम आमचे चुकले म्हणून तिचा क्रमांक खाली ओढणं मला जमलं नसतं, आणि आजही जमणार नाही.

दुपारी ग्रंथालयात बसून दोन सहकाऱ्यांना मी कथा मोठ्यानं वाचून दाखवत होतो. ग्रंथालयातले परिचर पुस्तकं लावता लावता थांबले. वाचून झाल्यावर म्हणाले, “सर, सकाळचा कापूस दवानं ओला असतो. त्याची घट धरतात आणि तिथंच मारतात. पोरीनं बरोबर लिहिलंय.” दोघा पीएच. डी. धारकांपैकी कुणाच्याही हे लक्षात आलेलं नव्हतं. मी स्वतः ओल्या कापसाचं ते वाक्य वर्णन म्हणून वाचून पुढे गेलो होतो, आणि कथेची सगळी खिट्टी त्याच वाक्यात होती.

काय केलं

साडेचारला प्राचार्यांच्या केबिनमध्ये विषय मांडला. सगळा विषय दहा मिनिटांत संपला. प्राचार्य भले गृहस्थ, पण त्यांच्यासमोर दहा कामं होती. “एकदा लावलेला निकाल बदलायचा नाही. उद्या प्रत्येक जण येईल. तिला एक विशेष बक्षीस द्या. बोलीभाषेचं. छान दिसेल पण.” मी मान डोलावली. मलाही तोच मार्ग बिनवादाचा वाटला, हे कबूल करायला हवं. ‘विशेष पारितोषिक : बोलीभाषा’, ५०१ रुपये, चहापाण्याच्या तरतुदीतून.

मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “चालेल सर.” मग थोडं थांबून : “पण नंबर कितवा?”

मी म्हटलं, “याला नंबर नसतो बेटा.”

फोन ठेवल्यावर मला स्वतःचंच वाक्य टोचत राहिलं. कितवा नंबर हा स्पर्धेतला सर्वांत साधा प्रश्न आहे, आणि आम्ही असं बक्षीस काढलं होतं ज्यात त्याला उत्तरच नव्हतं. पंगतीत सगळ्यांबरोबर बसवायचं सोडून तिला ओसरीवर वेगळं ताट वाढलं होतं.

तिनं आपली कथा कार्यक्रमात वाचावी अशी कल्पना माझी. त्यात माझा हेतू चांगला होता, तयारी मात्र शून्य होती.

काय झालं

बारावीची परीक्षा चालू असल्यानं सभागृह केंद्राकडे गेलेलं. कार्यक्रम ग्रंथालयाच्या वाचनकक्षात घेतला. सत्तरेक मुलं, काही उभी. मुलीची आई आली नव्हती. हरभऱ्याची सोंगणी चालू होती.

सूत्रसंचालकानं ओळख करून दिली : “आता ऐकूया आपल्या गोड अहिराणीतली एक झकास कथा!” तिथेच घात झाला. मुलगी उभी राहिली, कागद दोन्ही हातांत घट्ट धरलेला. तिनं पहिलं वाक्य वाचलं आणि मुलं हसली.

त्यात टिंगल नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त वाईट होतं. या मुलांनी मोबाइलवर अहिराणी ऐकलेली असते ती विनोदी व्हिडिओंमध्ये नाही तर लग्नातल्या गाण्यांत. आमच्याच स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात अहिराणी बोलणारं पात्र नेहमी धांदरट गावकरी असतं, आणि ते बसवणारे आम्हीच. मंचावरून अहिराणी आली की हसायचं, ही सवय आम्ही लावलेली. वर सूत्रसंचालकानं ‘झकास’ म्हणून इशाराही दिला. मुलांना वाटलं, विनोद सुरू झाला.

ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. पुन्हा ‘आते’वर खसखस पिकली. मागून परिचर खणखणीत आवाजात ओरडले, “आयका रे!” खोली एकदम गप्प झाली. पण तोवर तिनं पहिलं पान संपवून कागदांची घडी घातली होती. “धन्यवाद,” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. काटा, वही, आईचं चिडणं, ते सगळं पुढच्या चार पानांत होतं. ते कुणी ऐकलंच नाही.

पाहुण्यांनी नंतर भाषणात बोलीभाषा टिकवण्याचं आवाहन केलं. टाळ्या चांगल्या पडल्या. फोटोही चांगले आले.

बाहेर पडताना तिच्या वर्गातला एक मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, “सर, त्या परीक्षकांनी बहिणाबाईंना किती मार्क दिले असते?” बहिणाबाईंची भाषा अहिराणी नव्हे, लेवा गणबोली, हे मी त्याला सांगू शकलो असतो. पण ती पळवाट झाली असती. निरक्षर बाईनं रचलेल्या आणि मुलानं उतरवून घेतलेल्या त्या कविता १९५२ मध्ये छापून आल्या, आणि २०१८ पासून आमचं विद्यापीठ तिच्या नावानं आहे. आमच्या गुणपत्रकावरही महाविद्यालयाच्या नावाखाली ते नाव छापलेलं होतं, शुद्धलेखनाच्या रकान्याच्या वर, चार बोटांवर.

वार्षिकांकात कथा छापायचं ठरलं तेव्हा आणखी एक गंमत झाली. आता गंमत म्हणतो, तेव्हा घाम फुटला होता. डीटीपी करणाऱ्याला वाटलं, ‘शे’ ही टायपिंगची चूक आहे. मदत म्हणून त्यानं सगळीकडे ‘शे’च्या जागी ‘आहे’ टाकलं, एका झटक्यात. पहिल्या प्रुफात ‘शेतकरी’चा ‘आहेतकरी’ झाला होता आणि ‘शेवटी’चं ‘आहेवटी’. मुलीला बोलावलं. ती दोन तास बसून एकेक शब्द मूळ जागी आणत होती. मी शेजारी बसलो होतो, आणि तेव्हा मला तिच्या लेखनातली खरी चूक दिसली. एका ठिकाणी तिनं ‘ऱ्हायना’ लिहिलं होतं, दुसऱ्या ठिकाणी ‘राहिना’. मी विचारलं, यातलं कोणतं ठेवायचं? ती विचारात पडली, दोन्ही मोठ्यानं म्हणून पाहिले आणि म्हणाली, “माय पहिलं म्हणते. दुसरं मी पुस्तकामुळे लिहिलं असेल.” मग सगळीकडे पहिलं केलं. साहित्याच्या शिक्षकानं विद्यार्थ्याच्या कथेवर करायचं काम ते हेच. स्पर्धेच्या दोन महिन्यांत एकदाही मी ते केलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी सूचना. ‘मराठी किंवा घरी बोलली जाणारी कोणतीही भाषा चालेल’ किंवा ‘फक्त प्रमाण मराठी’, यातलं काहीही लिहिलं असतं तरी हे टळलं असतं. दुसरं लिहिणं मला पटलं नसतं, पण ते निदान प्रामाणिक तरी ठरलं असतं. मुलीनं मग ती कथा आमच्याकडे दिलीच नसती, किंवा वेगळी लिहिली असती. आम्ही काहीच लिहिलं नाही आणि मागाहून दंड केला.

परीक्षकांना मी दोष देत नाही. काही सहकाऱ्यांनी दिला, मला ते पटत नाही. त्यांच्या हाती जो कागद दिला त्यावर त्यांनी इमानानं गुण भरले. गठ्ठा देताना अर्धा तास त्यांच्याजवळ बसून दोन कथा एकत्र वाचल्या असत्या, तर ‘शे’चा प्रश्न चहाच्या पहिल्या कपाला निघाला असता. मी शिपायाच्या हाती गठ्ठा पाठवला होता.

विशेष बक्षिसाचा निर्णय मला आज चुकीचा वाटतो, आणि सोपा पर्याय डोळ्यांसमोर असताना तो सुचला नाही याचं जास्त वाईट वाटतं. आपल्याकडच्या स्पर्धांत ‘प्रथम क्रमांक विभागून’ ही पद्धत किती जुनी आहे! परीक्षक फोनवर जवळजवळ तयार झालेच होते. त्यांच्याशी आणखी पाच मिनिटं बोललो असतो तर त्यांच्याच सहीनं दोघींना पहिला क्रमांक देता आला असता. वाणिज्यच्या मुलीचं काही गेलं नसतं, आणि ‘नंबर कितवा?’ला उत्तर मिळालं असतं. विशेष बक्षिसापेक्षा जादा खर्च ५०० रुपये. हे मला मार्च उजाडल्यावर सुचलं. प्राचार्य तयार झाले असते का, सांगता येत नाही. पण मी विचारलंच नाही.

वाचनाबद्दल. श्रोत्यांना आधी दोन वाक्यं सांगायला हवी होती, की ही हसण्याची कथा नाही, कापसाच्या वजनाची आहे. किंवा आदल्या दिवशी तिच्याकडून एकदा वाचून घ्यायला हवं होतं. सुट्टी होती हे कारण खरं आहे, पुरेसं नाही. आणि सूत्रसंचालन करणाऱ्याला ‘गोड’ आणि ‘झकास’ ही विशेषणं वापरू नकोस, एवढं सांगायला सुट्टी आड येत नव्हती.

एका बाबतीत माझं मत अजून पक्कं होत नाही. परीक्षकांनी फोनवर शेवटी विचारलं होतं : “बोली चालते म्हटल्यावर चूक कशाला म्हणायचं?” प्रुफं तपासताना त्याचं अर्धं उत्तर सापडलं. एका कथेत एका शब्दाची एकच रीत असावी, आणि ती ज्याच्या तोंडी आहे त्याला शोभावी. पण हे पारखायला ती भाषा कानावर असलेला माणूस लागतो, आणि आमच्याकडे तो माणूस परीक्षकांच्या यादीत नसतो. तो पुस्तकं लावत असतो.

पुढच्या वर्षी

गुणपत्रक नवं केलं. आशय ४०, घडण ३०, भाषेचा वापर ३०. शेवटच्या रकान्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ : ‘भाषा कथेला आणि सांगणाऱ्याला साजेशी आहे का, एवढंच पाहावे.’ हस्ताक्षर काढलं. परीक्षक दोन केले. जुने सर एक आणि शेजारच्या तालुक्यातले प्राध्यापक दुसरे. परिचरांना मंडळाच्या बैठकीला बोलावलं. ते आले, चहा घेतला, “तुम्ही ठरवा सर,” म्हणून गेले. कथा मात्र सगळ्या वाचल्या. प्रत्येक कथेची झेरॉक्स देणाऱ्याच्या हाती परत द्यायची, हेही ठरवलं.

कथा ३१ आल्या. त्यातल्या नऊ घरच्या भाषांतल्या : सहा अहिराणी, दोन लेवा, एक पावरी. अहिराणीतल्या चार निव्वळ विनोदी व्हिडिओंसारख्या होत्या, त्यातल्या तीनमध्ये बायको नवऱ्याला लाटण्यानं मारते. मुलांनी आमची सवय आम्हालाच परत केली होती. पावरी दोघाही परीक्षकांना येत नव्हती. लिहिणाऱ्या मुलाला बोलावून त्याच्याकडून वाचून आणि अर्थ सांगून घेतला. चाळीस मिनिटं लागली. तो सांगत गेला तशी कथा आणखी चांगली वाटायला लागली, आणि तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला : आपण कथेला गुण देतोय की सांगण्याला? बाकीच्या तिसांना ही चाळीस मिनिटं कुठे मिळाली होती? त्या पावरी कथेला दुसरा क्रमांक दिला. एका परीक्षकाला पहिला द्यायचा होता.

आदल्या वर्षीची मुलगी तृतीय वर्षाला होती. तिनं कथा दिली नाही. विचारलं तर म्हणाली, “स्पर्धा परीक्षेचा क्लास लावलाय सर, वेळ नाही.” खरंच असेल. जाता जाता तिनं ती मूळ पाच पानं मागितली, वार्षिकांकासाठी घेतलेली. मी कपाट पाहिलं. वार्षिकांकाचं काम झाल्यावर ती ‘बोलीभाषा संवर्धन उपक्रम’ या शीर्षकाखाली नॅकच्या फाइलला पुरावा म्हणून लागली होती, आणि फाइल गुणवत्ता कक्षात होती. तिथून मूळ कागद बाहेर देत नाहीत. तिला झेरॉक्स काढून दिली. झेरॉक्समध्ये लाल वर्तुळं काळी उमटली आहेत.